न दिसलेली टिटवी

“...आणि पळणं, चार किलोमीटर,” असं हे फोनमध्ये अगदी सहज म्हणाले, तेव्हा मी हातातली चहाची गाळणी तशीच घेऊन मागच्या बाल्कनीत गेले. हे खुर्चीत बसले होते. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि बर्फाचं पाणी पोटरीवरून ओघळून खाली डबकं झालेलं.

“चार किलोमीटर?” मी विचारलं. “खुर्ची पळाली का?”

यांनी ओठांवर बोट ठेवलं. निरोप गेल्याची खात्री केली आणि मग कुजबुजल्यासारखं म्हणाले, “अगं, हळू. रोम बावन्न किलोमीटरवर आलंय. आता ताईला काय सांगू?”

रोमची भानगड कळायची तर थोडं मागे जायला हवं. आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटरवर मी, मागे काचा घासायच्या मशीनवर हे, अशी चौतीस वर्षं गेली. मशीनवर पाणी ठिबकत असतं, काचेचा पांढरा चिखल उडत असतो, आणि यांच्या बाह्या कायम पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या असतात. माणसाला एक वेड असलं तर बायको सांभाळून घेते. आमच्या यांना तीन.

पक्ष्यांचं वेड धंद्यातूनच आलं. लांबच्या नंबराची काच झाली की गिऱ्हाइकाला दारात उभं करून हे समोरच्या तारेकडे बोट दाखवायचे, “कोण बसलंय सांगा.” गिऱ्हाईक म्हणायचं, “पक्षी.” त्यावर यांचं समाधान व्हायचं नाही. पळण्याचं वेड डॉक्टरांनी लावलं, पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली तेव्हा. आणि रोमचं वेड एका विसरभोळ्या माणसानं. तो फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला आला आणि रोमच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक काउंटरवर ठेवून गेला, तो गेलाच. यांनी ते सहा महिने सांभाळलं आणि मग वाचायला काढलं. पुस्तकाची पहिली चाळीस पानं नव्हतीच. त्यामुळे रोम वसलं कसं हे यांना आजही नीट माहीत नाही, पण त्यानंतरचं सगळं तोंडपाठ आहे.

पूर्वी हे सगळं ऐकायला मी एकटीच होते. चहाचा कप हातात आला की सुरू: आज तळ्यावर खंड्या दिसला, अमुक सम्राटानं सावत्र भावाला विष घातलं, आणि पायाचा अंगठा दुखतोय. माझ्यापुढे हे सांगणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, हे मी स्वतःच कबूल करते. मी “हं हं” करत भाजी चिरायची.

मग ताई पडल्या. ताई म्हणजे यांची थोरली बहीण, यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी पडदे काढायला शिडीवर चढल्या आणि तिथून पडल्या. पाठीच्या कण्याला लागलं. कमरेखालचं सगळं गेलं. आमच्यापासून पाच तासांवरच्या गावात तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात त्या पलंगावर पडून राहायच्या, सांभाळायला एक मावशी होत्या, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. आम्ही जायचो तेव्हा त्या भिंतीकडेच तोंड करून असायच्या. फोनवर “हं” यापलीकडे शब्द नाही.

यांना धीर देणं जमत नाही. “बरं वाटेल हं” म्हणायला गेले की यांचाच आवाज फुटतो. म्हणून यांनी आपल्याला जमेल ते केलं. रोज सकाळी ताईंच्या फोनवर बोलून निरोप ठेवायचा: एक पक्षी, एक रोमन आणि आज किती पळालो. बास. तब्येतीचं अक्षर नाही.

तीन आठवडे पलीकडून काही नाही. बाविसाव्या दिवशी यांनी त्या नौदलाच्या सेनापतीची गोष्ट पाठवली. लढाईआधी शकुनाच्या कोंबड्यांना दाणे टाकायची रोमनांची पद्धत. कोंबड्यांनी खाल्ले तर लढायचं. कोंबड्या काही चोच उघडेनात. सेनापती चिडला, म्हणाला, “खात नसतील तर पिऊ देत,” आणि दिल्या समुद्रात फेकून. मग लढाई अर्थातच हरला. त्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. ताईच होत्या.

“कोंबड्यांचं बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. आणि मग, “किती झाले रे एकूण?”

“काय?”

“किलोमीटर.”

“अठ्ठ्याऐंशी,” हे म्हणाले. हातातली काच खाली पडली होती, पण यांचं लक्ष नव्हतं.

“कुठल्या दिशेनं?”

“दिशा कसली? तळ्याभोवती गोल.”

“गोल फिरून कुठे पोचणारेस तू, धाकट्या? मला एक मोठा नकाशा पाठव. आणि टाचण्या.”

अशी ती मोहीम सुरू झाली. आमच्या दुकानाच्या दारापासून रोमच्या चौकापर्यंत साडेसहा हजार किलोमीटर भरतात, हे ताईंनी दोऱ्यानं मोजून काढलं. लाल दोरा माझ्या बटणांच्या डब्यातला. रोमच्या चौकात म्हणे एक सोनेरी मैलाचा खांब होता, तिथवर. यांनी तळ्यावर चार किलोमीटर पळायचं, ताईंनी नकाशावर पुढची टाचणी टोचायची. वाळवंट लागलं की ताई सकाळी फोन करून बजावायच्या, “आज पाणी जास्त पी.” डोंगर लागले की म्हणायच्या, “आता सावकाश. घाट आहे.” हे खरोखरच सावकाश पळायचे. मी म्हणायची, दोघांनाही एकाच डॉक्टरकडे न्या. पण त्या बाईच्या आवाजात जान आली होती, ते मला ऐकू येत होतं.

पावणेपाच वर्षं हे चाललं. आणि रोम बावन्न किलोमीटरवर असताना यांचा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला आणि सांगितलं की गादी झिजली आहे, पळणं बंद. यांनी विचारलं, “किती दिवस?” डॉक्टर म्हणाले, “दिवस नाही हो. बंद.” आधी काही दिवस आराम, मग रोज एक किलोमीटर चालायचं, तेही सपाटीवर. घरी आल्यावर यांनी पळायचे बूट काढले, त्यातला खडा झटकला आणि रोजच्यासारखे दाराशी जोडीनं लावून ठेवले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत ते चार किलोमीटर.

“सांगून टाका,” मी म्हटलं.

“बावन्नच तर आहेत. तेरा दिवस. ती परत भिंतीकडे तोंड करून झोपली तर?”

मी गाळणी घेऊन परत स्वयंपाकघरात गेले. गप्प बसले तिथेच फसले. चौथ्या दिवशी ताईंनी मला फोन करून विचारलं, “याला हल्ली धाप कशी लागलेली नसते गं?” मी म्हणाले, “सराव झाला ना आता.” जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मला माझंच आश्चर्य वाटलं.

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, निरोप जाऊन पाच मिनिटं झाली नसतील तोच ताईंचा फोन. “आठ राहिले! दुकान बंद करा आणि दहाच्या गाडीनं दोघं या. उद्या चार, परवा चार, दोन्ही दिवस इथल्या गल्लीतच पळ. मला दिसणार नाही, पण पावलांचा आवाज ऐकू येईल की.”

यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. हे तासभर घरात न लंगडण्याचा सराव करत होते. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. जितकं सरळ चालायला जात तितके जास्त झुलत. शेवटी पँटच्या आत गुडघ्याला पट्टा बांधला, पायात पळायचे बूट चढवले आणि निघाले. सोंग सगळ्याचं आणता येतं, पण पायाचं नाही.

ताईंच्या खोलीत शिरलो तर त्या उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवरच्या पाटावर नकाशाची फळी. वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. यांच्या बुटांकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ये. बस. उभा राहू नकोस.”

मी नकाशाकडे पाहिलं. लाल दोरा डोंगर उतरून रोमच्या अलीकडे येऊन थांबला होता. आठ किलोमीटर अलीकडे नाही, चांगला बावन्न. शेजारी बशीत अकरा टाचण्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

“या तुझ्या,” ताई म्हणाल्या. “एकही लावली नाही.”

हे मान खाली घालून बसले. ताईंनी उशाखालून वही काढली. त्यात पावणेपाच वर्षांचे सगळे निरोप होते, नकाशावर लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरात. “ऐक. पहिला दिवस, कबूतर. दुसरा, चिमणी. तिसरा, कावळा. मग साळुंकी. मग परत कबूतर. अकरा दिवस तळ्यावर पळतोस आणि टिटवी नाही? बगळा नाही? खंड्या नाही? तळं आटलं का? हे तर सगळे बाल्कनीतले पक्षी. आणि रोमन बघ. आधी लंगडा सम्राट. मग शत्रूच्या कैदेत पडलेला सम्राट. मग तो रेंगाळत बसणारा सेनापती. आणि काल कोण, तर राज्य सोडून घरी कोबी लावत बसलेला. पळणारा माणूस कोबीवर कशाला जाईल?” मग माझ्याकडे वळल्या. “आणि ही म्हणते, सराव झालाय. उंदराला मांजर साक्ष!”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हे रडायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पळायचे बूट घालून, रुमाल न सापडता रडत होता. सगळं सांगितलं. गुडघा, फोटो, डॉक्टरांचं ते “बंद”. “तू परत भिंतीकडे वळशील असं वाटलं,” एवढं म्हणाले आणि थांबले.

ताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “एक सांग. चार किलोमीटर खोटे सांगितलेस, मग एखादी टिटवी का नाही ढकललीस? एक टिटवी टाकली असतीस तर मला कधी कळलं नसतं.”

यांनी मान वर केली. हे काय विचारणं झालं, असा चेहरा. “न दिसलेली टिटवी कशी सांगणार?”

मावशींना आधी हसू फुटलं. मग मला, मग ताईंना. ताई हसताना नकाशा हलायला लागला, टाचण्या बशीत खणखणल्या, आणि हे मात्र खरोखरच समजत नसल्यासारखे आमच्याकडे बघत होते.

हसून झाल्यावर ताईंनी निकाल दिला. “रोमन सैन्य रोमला पळत जायचं का रे? दिवसाला वीस मैल चालायचं. चालायचं! आणि शत्रूचा तो सेनापती हॅनिबल अंगावर आला तेव्हा रोम वाचवलं कुणी? तुझ्याच त्या रेंगाळणाऱ्यानं. डॉक्टर किती चालायला देतात?”

“एक किलोमीटर.”

“मग बावन्न दिवस. चालेल. मला काय घाई आहे?”

आता खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण अकरा दिवस नको तिथे गप्प बसून मी पस्तावले होते. “ताई,” मी म्हटलं, “तुम्हीपण रोज एक केलात तर सव्वीसच.”

कोपऱ्यात चाकाची खुर्ची होती. घेतल्यापासून तिच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मावशी तिच्यावर धुतलेले टॉवेल टाकायच्या. तिचा विषय काढायचा नाही, हा त्या घरातला नियम होता.

“मी काय करणार?” ताई हळूच म्हणाल्या. “गल्लीत गेलं की लोक बघतात.”

“बघू देत की. तुम्हीही त्यांच्याकडे बघा. फुकट आहे.”

हे माझ्याकडे घाबरून बघायला लागले. मग काय वाटलं कोण जाणे, यांनी पिशवीत हात घातला आणि चष्म्याचं घर बाहेर काढलं. ते मला माहीत होतं. ताईंच्या लांबच्या नंबराचा चष्मा, त्या पडल्यानंतर पहिल्या वर्षीच घासलेला. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, “समोर भिंत आहे. भिंतीला कशाला हवाय लांबचा नंबर?” तेव्हापासून दर खेपेला हे तो चष्मा घेऊन जायचे आणि न दाखवता परत आणायचे. घरी आल्यावर पुसून ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

“नंबर थोडा बदलला असेल,” हे म्हणाले. “तारेवरचं दिसेल इतपत मात्र आहे.”

ताईंनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरून काचा पाहिल्या, काड्या उघडून मिटून पाहिल्या. नकाशे काढणारी बाई, कुणाचंही काम तपासल्याशिवाय घ्यायची नाही. “कडा छान मारल्यास,” म्हणाल्या. मग मावशींना म्हणाल्या, “ते टॉवेल उचला बघू.”

ताईंना खुर्चीत बसवायला आम्हाला अर्धा तास लागला आणि प्लास्टिक काढायला त्याहून जास्त. खुर्ची मी ढकलली. बाजूनं हे, एक पाय ओढत. पुढे मावशी, गल्लीतल्या सायकली बाजूला करायला सांगत. लोकांनी पाहिलंच. इस्त्रीवाल्यानं पाहिलं, दोन खिडक्या उघडल्या. ताईंचं लक्षच नव्हतं. त्या मान वर करून तारांकडे बघत होत्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. “कावळा.”

“कसा आहे?” यांनी विचारलं.

“कसा म्हणजे? काळा.”

“पूर्ण काळा?”

ताईंनी डोळे बारीक केले. “नाही. मान राखी आहे. अरे, याची मान राखी असते?” सत्तर वर्षांच्या त्या बाईनं असं विचारलं की मला पदरानं डोळे टिपावे लागले. साधा कावळा तो, आम्ही रोज हाकलतो.

त्यानंतर सव्वीस दिवस दोघं मिळून चालले. इकडे हे, तिकडे ताई. आता दोन निरोप जायचे आणि ताईंचा यांच्या आधी यायचा, अगदी खोडसाळपणे साडेसहाला. यांचं तळं दोन किलोमीटरवर, तिथवर जायची परवानगी नव्हती, त्यामुळे आमचे पक्षी कबूतर-चिमणीच राहिले. नवव्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना बाल्कनीतून हाक आली. गेले तर हे फोन माझ्यापुढे धरून उभे, तोंडभर हसू. फोनमधून ताईंचा आवाज येत होता. “आज गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत गेलो. पक्षी: टिटवी. मी पाहिली. दोन होत्या. पिवळे पाय. मावशी साक्षीला आहेत.”

“मला नाही दिसली महिनाभर,” हे म्हणाले, “पण तिला दिसली बघ.” तो निरोप यांनी चार वेळा ऐकला आणि त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. एका गिऱ्हाइकानं चष्मा न घेताच काढता पाय घेतला.

सव्विसाव्या दिवसासाठी आम्ही आदल्या रात्रीच पुन्हा ताईंकडे गेलो. सकाळी गल्लीतून सगळे एकदम चाललो, शेवटचा किलोमीटर दोघांनी बरोबर करायचा असं ठरलेलं. मग खोलीत येऊन ताईंनी यांच्या हातात टाचणी दिली. यांनी ताईंचा हात धरला आणि दोघांनी मिळून ती रोमच्या चौकात टोचली. लाल दोरा ताणून गाठ मारली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मी डब्यातून केक काढला. हे म्हणाले, “पोचलो,” आणि एकदम रिकामे झाल्यासारखे पलंगाच्या कडेवर बसले.

सगळे केक खात होतो. नकाशाकडे बघायचं मात्र सगळेच टाळत होतो. मला धास्ती वाटायला लागली, की आता उद्या सकाळी काय?

ताईंनी बशी बाजूला ठेवली. “धाकट्या,” त्या म्हणाल्या, “परत यायचंय की नाही? का तिथेच राहणारेस?”

“परत?”

“दोघांचे मिळून दिवसाला दोन. त्याच वाटेनं नको, समुद्राकडून येऊ. नवीन पक्षी लागतील.”

दिवसाला दोन म्हणजे साडेसहा हजाराला जवळजवळ नऊ वर्षं. हिशेब सगळ्यांनाच येत होता. हे गुडघ्यावर हात फिरवायला लागले. मावशींनी खिडकीकडे पाहिलं. ताई एकेक करून टाचण्या बशीत मोजत होत्या.

“तुझ्या त्या डब्यात हिरवा दोरा आहे का गं?” त्यांनी मला विचारलं.

“आहे,” मी म्हणाले. “अख्खं रीळ आहे.”